बातमी आणि कलम : कतारमधील दुहेरी शिक्षणाचा खरा हिशेब

२६ ऑक्टोबर २०२३ रोजी दोहा येथील न्यायालयाने भारतीय नौदलाच्या आठ माजी कर्मचाऱ्यांना मृत्युदंड सुनावला. ही बातमी मराठी घराघरांत पोहोचली तेव्हा तिच्यातील सर्वांत महत्त्वाचा शब्द अनेक मथळ्यांतून गळालेला होता. तो शब्द होता ‘प्राथमिक’. निकाल प्राथमिक न्यायालयाचा होता. त्याच्यावर अपील न्यायालय होते आणि त्याच्याही वर कॅसेशन न्यायालय होते. शिवाय, शिक्षा झालेल्या कैद्यांना उरलेली शिक्षा मायदेशी भोगता यावी यासाठी भारत आणि कतार यांच्यात २०१५ मध्ये झालेला करारही अस्तित्वात होता. या पायऱ्या ठाऊक असलेल्या वाचकाला ती बातमी गंभीर वाटली असती. त्या ठाऊक नसलेल्याला ती अंतिम वाटली.

पुढे २८ डिसेंबरला अपील न्यायालयाचा निर्णय आला, तेव्हा भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने ‘शिक्षा कमी झाली’ एवढेच मोजके विधान केले. ‘शिक्षा कमी होणे’, ‘शिक्षा रद्द होणे’, ‘निर्दोष सुटका’ आणि ‘माफी’ या चार वेगवेगळ्या कायदेशीर घटना आहेत. दोन्ही सरकारांनी आरोपांचा तपशील कधीच जाहीर केला नाही. तरीही आरोप काय असावेत यावर वाहिन्यांवरून तासन् तास चर्चा झाली. अखेर १२ फेब्रुवारी २०२४ रोजी आठही जणांच्या सुटकेची घोषणा झाली आणि त्यांतील सात जण मायदेशी परतले. त्या साडेतीन महिन्यांत आठ कुटुंबांना आणि आखातातील लाखो भारतीयांना अंदाजांपेक्षा एका साध्या गोष्टीची गरज होती. निकाल वाचता येणारा, त्याचा अर्थ कळणारा आणि तो आपल्या भाषेत नेमका सांगणारा पत्रकार त्यांना हवा होता.

पत्रकारिता आणि कायदा या दोन विद्या एकत्र शिकाव्यात का, या प्रश्नाची चर्चा येथून सुरू व्हायला हवी. कतारमधील मराठी कुटुंबांत हा प्रश्न बहुधा बारावीच्या निकालानंतर येतो आणि त्याचे स्वरूप करिअरचे असते : दोन पदव्या असतील तर दोन दारे उघडी राहतील. हा हिशेब आकर्षक आहे, परंतु नियमांच्या कसोटीवर तो पुरेसा टिकत नाही. दुहेरी शिक्षणाचे खरे मोल वेगळे आहे आणि ते कतारइतके स्पष्टपणे फार थोड्या देशांत दिसते.

एज्युकेशन सिटी : शेजारी उभ्या असलेल्या दोन विद्या

कतार फाउंडेशनच्या एज्युकेशन सिटीत अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने २००८ पासून पत्रकारिता आणि संज्ञापन यांचे चार वर्षांचे पदवी शिक्षण सुरू केले. त्याच परिसरातील हमद बिन खलिफा विद्यापीठात कायद्याची जेडी ही पदवी इंग्रजी माध्यमातून दिली जाते. अमेरिकी पद्धतीनुसार ही पदवी आधीच्या पदवीनंतरची, तीन वर्षांची असते. कतार विद्यापीठ या राष्ट्रीय संस्थेतही कायदा आणि माध्यमविद्या हे दोन्ही विषय शिकवले जातात. मात्र २०१२ मधील निर्णयानुसार या शाखांचे माध्यम अरबी झाल्याने सीबीएसई शाळांतून बाहेर पडणाऱ्या भारतीय मुलांसाठी ते दार जवळपास मिटले.

म्हणजे इंग्रजीतून शिकू इच्छिणाऱ्यासमोर दोहामध्ये चार अधिक तीन असा सात वर्षांचा क्रम उभा राहतो. ऑस्ट्रेलियातील अनेक विद्यापीठांत पत्रकारिता आणि कायदा यांची संयुक्त पदवी बारावीनंतर थेट घेता येते. अमेरिकेत कोलंबियासारख्या विद्यापीठांत पत्रकारितेची पदव्युत्तर पदवी आणि जेडी यांचा जोड अभ्यासक्रम आहे; येल विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात तर वकिली न करणाऱ्या पत्रकारांसाठी एका वर्षाचा कायद्याचा अभ्यासक्रम दीर्घकाळ चालत आला आहे. ब्रिटनमध्ये बातमीदारीच्या व्यावसायिक प्रशिक्षणात माध्यमविषयक कायदा हा अनिवार्य विषय असतो. या तिन्ही परंपरांनी आपापल्या परीने एकच गोष्ट मान्य केली आहे : कायदा न कळणारा बातमीदार स्वतःलाही धोक्यात घालतो आणि वाचकालाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. परदेशी विद्यापीठांच्या शाखा कायमच्या नसतात. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनने २०२० मध्ये कतारमधील काम थांबवले, तर टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपली दोहा येथील शाखा २०२८ पर्यंत बंद करण्याचा निर्णय घेतला. सात वर्षांचा आराखडा आखताना पालकांनी शुल्काइतकाच विचार संस्थेच्या कराराच्या मुदतीचाही करायला हवा.

स्वातंत्र्याचे प्रक्षेपण, निर्बंधांचा कायदा

कतारची खरी शिकवण वर्गाबाहेर आहे. नोव्हेंबर १९९६ मध्ये ज्या देशातून ‘अल जझीरा’ सुरू झाली आणि अरब जगातील बातमीदारीचा चेहरामोहरा पालटला, त्याच देशात १९७९ चा मुद्रण आणि प्रकाशन कायदा आजही लागू आहे. राज्यघटनेचे ४८ वे कलम वृत्तपत्रस्वातंत्र्याची हमी देते, परंतु ‘कायद्यानुसार’ या अटीवर. आणि कायदा काय म्हणतो? २०१४ चा सायबर गुन्हेविषयक कायदा खोट्या बातम्यांच्या प्रसारासाठी तुरुंगवासाची तरतूद करतो. २०१७ च्या दुरुस्तीने अपघातातील मृतांची आणि जखमींची छायाचित्रे संमतीविना प्रसारित करणे हा गुन्हा ठरवला. जानेवारी २०२० मध्ये दंडसंहितेत घालण्यात आलेल्या कलम १३६ (पुनरावृत्त) नुसार राष्ट्रीय हिताला बाधक अशा अफवा अथवा खोट्या बातम्या पसरवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रियालपर्यंत दंड होऊ शकतो.

हे निर्बंध केवळ व्यावसायिक पत्रकारांपुरते नाहीत. २०२१ मध्ये स्थलांतरित कामगारांच्या जीवनावर टोपणनावाने लिहिणाऱ्या एका केनियन सुरक्षारक्षकाला अटक झाली. पुढे पंचवीस हजार रियालचा दंड भरून त्याला देश सोडावा लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विश्वचषकाच्या तयारीचे वार्तांकन करणाऱ्या नॉर्वेच्या सरकारी वाहिनीच्या दोन पत्रकारांना एक दिवसाहून अधिक काळ ताब्यात ठेवण्यात आले; खासगी जागेत परवानगीविना चित्रीकरण, हे कारण त्यासाठी देण्यात आले. विद्यापीठांचे आवारही या चौकटीबाहेर नाही. २०२० मध्ये लेबनॉनमधील एका संगीतवृंदाबरोबरचा चर्चेचा कार्यक्रम नॉर्थवेस्टर्नच्या दोहा शाखेतून अमेरिकेत हलवण्यात आला. विद्यापीठाने सुरक्षेचे कारण सांगितले, तर कतार फाउंडेशनने देशाचे कायदे आणि सामाजिक रूढी यांकडे बोट दाखवले.

दुसरीकडे, कतारच्या भूमीवरून चालणाऱ्या याच वृत्तसंस्थेला बाहेरच्या जगात पदोपदी कायद्याचा आधार घ्यावा लागला. डिसेंबर २०१३ मध्ये कैरोत पकडलेल्या तिच्या तीन पत्रकारांवर इजिप्तमध्ये खटला चालला. २०१७ मध्ये शेजारी राष्ट्रांनी कतारची कोंडी केली तेव्हा त्यांच्या तेरा मागण्यांत ही वाहिनी बंद करण्याची मागणी होती. ११ मे २०२२ रोजी जेनिन येथे शिरीन अबू अक्लेह यांचा गोळी लागून मृत्यू झाल्यानंतर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वाहिनीने हे प्रकरण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे नेले. मे २०२४ मध्ये इस्रायलने नव्याने केलेल्या कायद्याच्या आधारे तिचे तेथील कार्यालय बंद केले. एकाच शहरात बसून पत्रकारितेचा विद्यार्थी कायद्याची दोन्ही रूपे पाहू शकतो : बातमीला कुंपण घालणारा कायदा आणि बातमीदारासाठी न्याय मागणारा कायदा.

‘कफाला संपली’ या दोन शब्दांमागे

या दोन्ही रूपांपेक्षा सामान्य मराठी माणसाच्या अधिक जवळचे तिसरे रूप आहे, ते कामगार कायद्याचे. ३० ऑगस्ट २०२० रोजी कतारने नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या ना हरकत प्रमाणपत्राची, म्हणजे रोजच्या बोलीतील ‘एनओसी’ची, अट काढून टाकल्याचे जाहीर केले. जगभर मथळे झळकले की कफाला संपली. सुधारणा मोठी होती, यात शंका नाही. त्याबरोबरच आलेल्या किमान वेतनाच्या कायद्याने मार्च २०२१ पासून दरमहा किमान एक हजार रियाल पगार निश्चित केला. मालकाने निवास वा जेवण पुरवले नाही, तर त्यासाठी अनुक्रमे पाचशे आणि तीनशे रियाल वेगळे ठरवले.

परंतु मथळ्यात न मावलेला भाग असा होता : सेवा दोन वर्षांपर्यंत असेल तर एक महिन्याची आणि त्याहून अधिक असेल तर दोन महिन्यांची पूर्वसूचना देणे बंधनकारक राहिले. नवी नोकरी मंत्रालयाच्या ठरावीक प्रक्रियेतूनच घ्यावी लागते. निवासाचा परवाना मालकाशी जोडलेलाच राहिला आणि काम सोडून पळून गेल्याची तक्रार करण्याचा मालकाचा मार्गही खुला राहिला. देशाबाहेर जाण्याच्या परवानगीची अट २०१८ मध्ये बहुतेक कामगारांसाठी आणि २०२० मध्ये घरकामगारांसाठी निघाली, तरी घरकामगाराने मालकाला ७२ तास आधी कळवावे, ही अपेक्षा उरली आणि कंपनीला आपल्या पाच टक्क्यांपर्यंत कर्मचाऱ्यांसाठी परवानगीची अट ठेवण्याची मुभाही राहिली.

इंडस्ट्रियल एरियातील खोलीत बसून भ्रमणध्वनीवर ‘कफाला संपली’ एवढेच वाचलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी कामावर जाणे थांबवले, तर तो स्वातंत्र्याकडे चालत नसतो; ‘पळून गेला’ या नोंदीकडे चालत असतो. अर्धी बातमी खोटी नसते, पण तिची किंमत पगार, परवाना आणि प्रसंगी तुरुंगवास यांत मोजावी लागते. पूर्वसूचनेचा एक परिच्छेद बातमीत जोडण्यासाठी मूळ कायदा उघडून वाचण्याची सवय लागते. दुहेरी शिक्षण ही सवय लावते. तिचे सर्वांत मोठे समर्थन हेच.

मराठी परंपरेची साक्ष

मराठी वाचकाला ही सांगड नवी नाही. बाळ गंगाधर टिळक १८७९ मध्ये एलएलबी झाले आणि १८८१ मध्ये ‘केसरी’ उभा राहिला. पुढच्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ‘अप्रीती’ म्हणजे ‘प्रीतीचा अभाव’ असा अर्थ पंचांना सांगितला आणि एका शब्दाच्या व्याख्येने संपादकाला अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. १९०८ च्या खटल्यात टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली. त्यांच्या युक्तिवादाचा मोठा भाग मराठी लेखांच्या सरकारी इंग्रजी भाषांतरातील चुका दाखवण्यात गेला होता. त्यांना सहा वर्षांची शिक्षा चुकली नाही. परंतु शब्दाचे भाषांतर हाच खटल्याचा कणा असू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. अरबीत लिहिलेला निकाल इंग्रजीतून मराठीत येताना काय गमावतो, हा आजचा प्रश्न त्याच जातीचा आहे.

न. चिं. केळकर साताऱ्यातील वकिली सोडून टिळकांच्या वृत्तपत्रांत आले आणि पुढे ‘केसरी’चे संपादक झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ सुरू केले, नंतर ते बॅरिस्टर झाले आणि १९२७ मध्ये त्यांनी ‘बहिष्कृत भारत’ काढले. या दोन पत्रांच्या मधल्या काळात, १९२६ मध्ये, दिनकरराव जवळकर यांच्या ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरील अब्रुनुकसानीच्या खटल्यात त्यांनी आरोपींच्या बाजूने पुण्यात अपील चालवले आणि आरोपी सुटले. त्या पुस्तकातील टीकेचा रोख विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांच्यावर होता. लेखनासाठी तुरुंगात गेलेल्या संपादकावर टीका करणाऱ्या लेखनाचा बचाव दुसऱ्या एका संपादक-वकिलाने केला, हा योग मराठी पत्रसृष्टीच्या इतिहासात कायद्याचे स्थान किती मध्यवर्ती होते, हे सांगतो.

नियमांची भिंत

त्या पिढीला जे सहज करता आले, त्याला आज नियमांची भिंत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या घेण्यास परवानगी दिली तेव्हा पत्रकारिता आणि एलएलबी एकदम करता येईल, असा समज पसरण्यास वाव मिळाला. मात्र कायद्याच्या पदवीला बार कौन्सिल ऑफ इंडियाचे २००८ चे विधी शिक्षण नियम लागू आहेत. त्यांनुसार कायद्याच्या नियमित अभ्यासक्रमाबरोबर दुसऱ्या पदवीसाठी नाव नोंदवता येत नाही. अपवाद एकाच संस्थेतील पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाचा. भाषा किंवा संगणक यांसारखे अल्प मुदतीचे अर्धवेळ प्रमाणपत्र चालते, पदवी चालत नाही.

पदवी मिळाल्यानंतरही भिंत संपत नाही. बार कौन्सिलच्या नियम ४९ नुसार वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. त्याच नियमावलीतील नियम ५१ मात्र वकिलाला प्रसिद्धीपूर्वी वृत्तपत्राचा मजकूर कायदेशीर दृष्टीने तपासून देण्याची आणि जाहिरातबाजी तसेच पूर्णवेळ नोकरी यांवरील बंधने पाळून पत्रकारिता करण्याची मुभा देतो. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोरील एका प्रकरणात बार कौन्सिलने हीच भूमिका मांडली की वकिलाला एकाच वेळी पूर्णवेळ पत्रकार म्हणून काम करता येणार नाही. म्हणजे काळा कोट आणि बातमीदाराचे ओळखपत्र एकाच खुंटीवर टांगता येत नाहीत.

कतारमध्ये ही भिंत आणखी उंच आहे. २००६ च्या वकिलीविषयक कायद्यानुसार तेथील न्यायालयांत उभे राहण्याचा हक्क सामान्यतः कतारी नागरिकांपुरता आहे आणि न्यायालयाची भाषा अरबी आहे. कतार फायनान्शियल सेंटरच्या इंग्रजीत कामकाज करू शकणाऱ्या न्यायालयाचा मार्ग परदेशी वकिलांना खुला असला, तरी त्याचे क्षेत्र दिवाणी आणि व्यापारी वादांपुरते मर्यादित आहे. परदेशातून कायद्याची पदवी घेऊन भारतात परतणाऱ्याची पदवी बार कौन्सिलने मान्य केलेली असावी लागते आणि सनदेपूर्वी पात्रता परीक्षाही द्यावी लागते.

कुटुंबाने मांडायचा हिशेब

या सर्व गोष्टी जमेस धरल्या म्हणजे ‘दोन पदव्या, दोन दारे’ हे सूत्र बदलावे लागते. भारतात वकिली करायची आणि लेखन जोडीला ठेवायचे, असे ज्याचे ध्येय आहे त्याच्यासाठी महाराष्ट्रातील पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम, किंवा कोणत्याही पदवीनंतर प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षांची एलएलबी, हा सरळ मार्ग आहे. ज्याला मुळात बातमीदार व्हायचे आहे त्याने आधी पत्रकारितेची पदवी घ्यावी. नंतर तीन वर्षांची एलएलबी करावी किंवा येलसारख्या अल्पावधीच्या अभ्यासक्रमाचा विचार करावा. पुण्यात पत्रकारितेसाठी रानडे इन्स्टिट्यूट आणि कायद्यासाठी १९२४ पासूनचे आयएलएस विधी महाविद्यालय ही दोन ठिकाणे फार दूर नाहीत. क्रमाने दोन्हींकडे जाता येते, एकदम जाता येत नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची शाखा २०२१ पासून दोहामध्येही सुरू झाल्याने पहिली पदवी आईवडिलांजवळ राहून आणि पुढचे शिक्षण महाराष्ट्रात, अशी जुळणीही आता कल्पनेबाहेरची राहिलेली नाही.

प्रवेश घेण्यापूर्वी चार प्रश्नांची लेखी उत्तरे मिळवणे हिताचे ठरते. पदवीला बार कौन्सिलची मान्यता आहे का? संयुक्त म्हणवला जाणारा अभ्यासक्रम खरोखर एकात्मिक आहे, की दोन वेगळ्या नोंदण्या आहेत? संस्थेचा यजमान देशाशी असलेला करार कधीपर्यंत आहे? आणि विद्यार्थी म्हणून केलेल्या बातमीवरून अडचण आली, तर संस्था कायदेशीर मदत देते का? चौथा प्रश्न सहसा विचारला जात नाही. कतारसारख्या देशात तो पहिला असायला हवा.

या मार्गावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. कायदा शिकलेला पत्रकार प्रत्येक वाक्याआधी थबकतो, धोका मोजत बसतो आणि शेवटी गप्प राहतो, असे म्हटले जाते. आक्षेप निराधार नाही. कतारमध्ये काम करणाऱ्यापाशी थबकण्याची कारणे पुरेशी आहेत. परंतु कलम न वाचलेला माणूस दोन टोकांपैकी एकावर असतो : तो एकतर नको तिथे बेधडक लिहितो, नाहीतर सांगता येण्याजोगी गोष्टही भीतीपोटी सांगत नाही. किमान वेतन किती, पूर्वसूचना किती दिवसांची, तक्रार कुठे करायची, ही माहिती देण्यास कोणत्याही कायद्याने बंदी केलेली नाही. तरीही ती माहिती मराठीत नेमकेपणाने मिळणे आजही अवघड आहे. कुंपण नक्की कुठे आहे हे ज्याला कळते, त्यालाच कुंपणाच्या आतली मोकळी जागा किती मोठी आहे, हेही कळते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुटून परतलेल्या माजी नौसैनिकांच्या प्रकरणात मराठी वाचकाला ‘प्राथमिक न्यायालय’, ‘अपील’, ‘कॅसेशन’, ‘शिक्षेत कपात’ हे शब्द तुकड्या-तुकड्यांनी शिकावे लागले. पुढचे प्रकरण कदाचित आठ जणांचे नसेल. ते एकट्या सुताराचे, चालकाचे किंवा परिचारिकेचे असेल आणि त्याच्यासाठी कोणताही पंतप्रधान दूरध्वनी करणार नाही. त्या दिवशी गावाकडे बसलेल्या घरच्यांच्या हाती पडणारी बातमी ज्याने लिहिली असेल, त्याने निकाल वाचलेला असावा आणि त्यातील प्रत्येक शब्द कोणत्या पायरीवर उभा आहे, हे त्याला ठाऊक असावे. दुसरी पदवी घ्यायची ती यासाठी.